यज्ञेश्वरने न संपवलेला खेळ

माझ्या नवऱ्याचं नाव यज्ञेश्वर खानझोडे. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, चारचौघांत 'हे' म्हणते. इथे मात्र एकेरीत लिहिणार आहे, कारण गेलं वर्षभर तो माझ्या मनात एकेरीतच आहे. ज्यांना हे खटकेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

यज्ञेश्वर चौपन्न वर्षांचा आहे, रायपूरच्या मंत्रालयात बाबू आहे आणि व्हिडिओ गेम खेळतो. खेळतो एवढंच असतं तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. कोणाचा नवरा पत्ते खेळतो, कोणाचा भजनाला जातो. पण यज्ञेश्वर खेळून झालं की त्या खेळावर आपलं मत लिहितो. आणि ते मत आजवर एकाही खेळाबद्दल चांगलं नव्हतं.

त्याचे वडील रेल्वेत होते, वर्ध्याहून बदलून रायपूरला आले आणि इथलेच झाले. यज्ञेश्वर भोपाळला सरकारी नोकरीत चिकटला. दोन हजार साली छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि हा रायपूरच्या वाट्याला आला. त्याच्या भोपाळच्या ऑफिसातल्या लोकांनी त्या दिवशी पेढे वाटले असणार, असं मी म्हणते. त्याला ते आवडत नाही. शहरातल्या बुढापारा वस्तीत, तलावामागच्या गल्लीत आम्ही घर घेतलं. पुढे मंत्रालय शहरातून उचलून नव्या रायपूरला नेलं, तेव्हापासून तो साडेआठला तेलीबांध्यावरून जाणारी ऑफिसची बस पकडतो आणि सातला परत येतो. हातपाय धुतो, चहा पितो आणि कॉम्प्युटरपुढे बसतो.

तो कॉम्प्युटर देवश्रीसाठी घेतला होता. देवश्री आमची मुलगी, एकुलती एक. ती सातवीत असताना शाळेने सांगितलं, घरी कॉम्प्युटर असेल तर बरं. घेतला. पहिल्या महिन्यात तिने त्यावर एक चित्र काढलं असेल नसेल, दुसऱ्या महिन्यापासून बापाने खुर्ची बळकावली. तिला काही करायचं असेल तर विचारून बसावं लागे. अर्जच द्यायचा बाकी होता.

त्याची लिहिण्याची तऱ्हा सांगते. ऑफिसात तो दिवसभर हिंदीत टिपा लिहितो. मुद्दे पाडायचे, आकडे घालायचे, आणि प्रकरण संपलं की खाली 'नस्तीबद्ध' लिहून फाइल कपाटात टाकायची. घरी तेच, फक्त मराठीत. 'सदर खेळ दिनांक अमुक रोजी पूर्ण केला. मत पुढीलप्रमाणे.' पांढरा कागद, निळी शाई, समास सोडलेला. आणि तळाशी 'नस्तीबद्ध'. हा कागद तो आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात नेऊन काचेच्या फळ्यात लावतो. वाचनालय सांभाळणारे दत्तोपंत ऐंशीच्या पुढचे आहेत. व्हिडिओ गेम म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही, पण मराठीत कोणी काही लिहून आणतंय म्हटल्यावर त्यांनी फळ्याची किल्लीच याच्या हातात दिली.

काही मतं मला पाठ आहेत. शेतीच्या एका खेळाबद्दल त्याने लिहिलं होतं, 'या खेळात पाऊस दर चौथ्या दिवशी ठरल्या वेळी येतो. करणाऱ्याने शेत खिडकीतूनही पाहिलेलं नाही.' लढाईच्या खेळाबद्दल, 'नायकास चौदा गोळ्या लागतात व तो भिंतीआड बसून बरा होतो. आमच्या विभागात साध्या तापाच्या रजेला चार कागद जोडावे लागतात.' शहर वसवण्याचा एक खेळ होता. त्याबद्दल, 'आधी रस्ते, मग इमारती आणि माणसं कधीतरी, असा हा खेळ आहे. तो खेळण्यासाठी कॉम्प्युटरची गरज नाही, मी रोज बसने त्यातूनच जातो.' रहस्याच्या खेळाबद्दल, 'खुनी कोण हे तिसऱ्या दालनात समजलं. पुढची अकरा दालनं केवळ कर्तव्य म्हणून खेळलो.'

वाचून हसू येतं ना? मलाही यायचं. मंडळातल्या पोरांना तर फारच यायचं. ही पोरं घरात मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. मराठी वाचायची म्हटली की बोट ठेवून वाचतात. पण फळ्यावरचा हा कागद ती घोळका करून वाचत. दत्तोपंत म्हणायचे, "यज्ञेश्वरा, तुह्या शिव्यांच्या निमित्तानं का होईना, पोट्टे मराठी वाचून राहिले." त्यावर हा छाती फुगवायचा. आणि एक वाक्य ठरलेलं असायचं, "शिव्या नाहीत पंत, मत आहे. संपवल्याबिगर मी एक शब्द लिहीत नाही." हे मात्र खरं होतं. कितीही टुकार खेळ असो, महिना लागो की दोन, तो शेवटपर्यंत खेळायचा आणि मगच लिहायचा. हा त्याचा एकच नेम मला मनापासून पटायचा.

देवश्रीचं आणि त्याचं काय होतं, ते नीट सांगायला हवं. बाप घरात मराठीचा पहारेकरी. ती लहान असताना हिंदी शब्द आला की तो तिथेच थांबवायचा. ती म्हणाली, "बाबा, मी आज व्यस्त आहे," तर हा, "व्यस्त म्हणजे उलटं. तू उलटी आहेस काय?" ती म्हणाली, "शाळेत चांगली शिक्षा मिळते," तर हा पाहुण्यांपुढे खो खो हसला आणि म्हणाला, "म्हणजे मार खाऊन राहिली का रोज?" शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. आठवीत गेली आणि पोरीने मराठी बोलणं सोडलं. आम्ही मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं. मी एका शाळेत संस्कृत शिकवते, मला शब्दांचं कळतं. तरी मी मध्ये पडले नाही. तेव्हा मला वाटलं, पोट्टी आहे, येईल ताळ्यावर. ही माझी चूक, आणि ती मी लपवणार नाही.

पण संध्याकाळी तो खेळायला बसला की देवश्री त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची. अर्धा तास, तास. बोलायची नाही. कधी मध्येच बोट दाखवून म्हणायची, "बाबा, उधर से," आणि तो त्या बाजूने जायचा, हिंदीबद्दल न टोकता. बाप आणि लेक दिवसभरात एकत्र असायची ती तेवढीच.

ती इंजिनिअर व्हायला निघाली ते त्या खुर्चीमागे उभी राहून. कॉलेजात कॉम्प्युटर शाखा घेतली, आणि शेवटच्या वर्षाला तिने स्वतः एक खेळ बनवला. सहा महिने लागले. आपल्या लॅपटॉपवर खोलीचं दार लावून काम करायची. मला एवढंच म्हणाली, "मम्मी, बाबा को मत बताना. पहले उन्हीं को खेलने दूँगी." फळ्यावर आपल्या खेळाबद्दल बाबांनी लिहावं, एवढंच तिला हवं होतं. चांगलंच लिहावं असंही नाही. "चार गलती निकालेंगे, पर एक लाइन तो अच्छी लिखेंगे न?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, "लिहितील की." मला तरी काय माहीत!

खेळ असा होता. एक जाडसर बाबू जुन्या सचिवालयातून एक फाइल घेऊन निघतो. ती नव्या रायपूरला पोचवायची आहे. वाटेत टेबलंच टेबलं. प्रत्येक टेबलावरचा माणूस त्याला दुसऱ्या टेबलाकडे पाठवतो. सही घेतली तर शिक्का नाही, शिक्का घेतला तर साहेब जेवायला गेलेले. बस चुकते, फाइल निसटते, कागद तलावाकडे उडतात, ते पळत जाऊन गोळा करावे लागतात. सगळी चित्रं तिने स्वतः काढलेली. आणि सुरुवातीला काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तीन ओळी, मराठीत. आठ वर्षांनी पोरीने मराठीत काही लिहिलं होतं:

'बाबांसाठी. ही माझी पहिली चेष्टा आहे. शेवटपर्यंत खेळा.'

मराठी वाचकाला हे वाचून काय वाटेल ते मला समजतं. पण तिच्या शाळेच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. 'कोशिश' लिहिलं तर बाबा हिंदी म्हणून टोकतील, म्हणून तिने जड शब्द शोधला. मराठी म्हणजे जड शब्द, हे ती बापाचे कागद वाचूनच शिकली होती. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण तिला ते एकटीने करायचं होतं.

एका रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, तिने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. "बाबा, एक गेम है. खेलके बताओ." आणि आपण मैत्रिणीकडे निघून गेली, कारण समोर बसून बघायची तिची हिंमत नव्हती. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. पंधरा मिनिटं झाली असतील. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग कपाटातून कागद काढल्याचा. मला वाटलं, दुसऱ्याच कुठल्या खेळाचं लिहितोय. त्याने टाचण्या मागितल्या आणि मी त्या शोधून दिल्या. माझ्या हाताने दिल्या.

दुपारी कागद फळ्यावर होता. मी तो नंतर वाचला, पण इथेच देते, म्हणजे तुम्हाला कळेल हा माणूस काय आहे:

'सदर खेळाच्या कर्त्याचं नाव लिहिण्याची गरज नाही. ही चेष्टा आहे हे कर्त्याने पहिल्याच पाटीवर कबूल केलं आहे. पहिली म्हटलं आहे, त्यावरून पुढेही करण्याचा इरादा दिसतो. चित्रं डाव्या हाताने काढल्यासारखी आहेत. कारकुनाचं पोट मोठं दाखवलं आणि त्याला पळायला लावलं की विनोद होतो, असा कर्त्याचा समज आहे. ज्याने एक दिवस नोकरी केली नाही, त्याने नोकरदाराला हसू नये. घरचं खाऊन घरच्यालाच नाचवण्यात कसब नाही. नस्तीबद्ध.'

देवश्री डावखुरी आहे. मंडळातल्या लहान पोरालाही ते माहीत आहे. नाव न लिहिता नाव लिहिणं यालाच म्हणतात, आणि सरकारी टिपा लिहून लिहून हे कसब याच्या अंगात मुरलं आहे.

संध्याकाळी मंडळात पोरं जमली. देवश्री आणि तिची मैत्रीण राधिका तिथे गेल्या. बाबा दुपारी कागद लावून गेले हे दत्तोपंतांनी त्यांना हसत हसत सांगितलं, त्यांनी स्वतः वाचला नव्हता. देवश्री धावत फळ्याकडे गेली. राधिकाने मला नंतर सांगितलं, की देवश्रीने तो सगळा कागद मोठ्याने वाचला. बोट न ठेवता, एकही शब्द न अडखळता. तिला वाटत होतं, पुढच्या ओळीत तरी काही येईल. अशी ती 'नस्तीबद्ध'पर्यंत वाचत गेली. मागे दहा-बारा पोरं उभी होती. कोणीतरी हसलं.

ती घरी आली तेव्हा यज्ञेश्वर टीव्हीपुढे बसला होता. ती रडत नव्हती. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाली, "बाबा, चेष्टा का मतलब कोशिश होता है न?"

तो म्हणाला, "मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. तू माही टिंगल केली. मले कोणी हसलेलं चालत नाही, पोटच्या पोरीनं तर बिलकुल नाही."

"मैंने कोशिश लिखा था, बाबा."

मी तेव्हा दारात होते. मी म्हटलं, "अहो, तुम्ही ऑफिसात रोज काय लिहिता? 'शासन को गुमराह करने की चेष्टा.' शंभर टिपांमध्ये लिहिलं असन. तिथं तुम्हाले बरोबर समजते, आणि पोरीनं लिहिलं तर नाही समजत?"

"घरात मराठी चालते," तो म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

देवश्रीने विचारलं, "पूरा खेला?"

"नाही."

"कहाँ तक?"

"दुसऱ्या टेबलापर्यंत."

ती म्हणाली, "ठीक है." बस, एवढंच. आत गेली, दार लावलं.

मी आयुष्यात त्याच्यावर ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "संपवल्याबिगर लिहीत नाही म्हणता ना? टुकार परदेशी खेळ महिनाभर खेळता आणि पोरीचा पंधरा मिनिटांच्या वर नाही खेळवत? कोणी सांगितलं होतं लिहायले? काहून लिहिलं?" शेजारच्या बाबारावांनी खिडकी लावून घेतली एवढा माझा आवाज होता. तो म्हणाला, "मले वाटलं, ती मले हसून राहिली." मी म्हटलं, "हसली असती तरी काय झालं असतं? तुम्ही तिले पाहुण्यांपुढे हसले तेव्हा ती कुठं कागद लावत फिरली?" त्याने टीव्हीचा आवाज वाढवला नाही, एवढीच त्याची माणुसकी.

मग मी एक गोष्ट केली. मी देवश्रीला म्हटलं, मला खेळायचाय. तिला वाटलं, मी समजूत घालतेय. पण मी बसले. मला बाणांची बटणं कुठली ते माहीत नव्हतं. पहिल्या टेबलापाशी माझी फाइल अकरा वेळा पडली. शाळेतून आले की रोज तासभर बसायचे. देवश्री माझ्या मागे उभी राहायची आणि काही सांगायची नाही, खेळाचं तसंच असतं म्हणाली. चोवीस दिवसांत मी शेवटपर्यंत पोचले.

शेवटी बाबू नव्या रायपूरला त्या लांबच लांब रिकाम्या रस्त्यावरून चालत जातो आणि शेवटच्या टेबलावर फाइल ठेवतो. साहेब ती उघडतो. आत एकच कागद असतो, एका दिवसाच्या रजेचा अर्ज. बाबूचा स्वतःचा. कारण लिहिलेलं असतं, 'मुलीसोबत खेळायचे आहे.' रजा मंजूर होते. मग घर दिसतं, आणि मुलगी खुर्चीत बसलेली असते आणि बाबू तिच्या मागे उभा. खाली 'नस्तीबद्ध' वगैरे काही लिहिलेलं नाही. पोट मोठंच आहे, पण तो आता पळत नाही.

मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर येऊन त्याला सगळं सांगितलं. दया म्हणून नाही. त्याला लागावं म्हणूनच सांगितलं, आणि लागलं. तो उठून देवश्रीच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "मले खेळू दे." ती म्हणाली, "डिलीट कर दिया, बाबा. मम्मी का हो गया था." खरंच पुसून टाकला होता, मी लॅपटॉप मिटण्याआधी, माझ्या डोळ्यांदेखत. मी तिला अडवलं नाही. त्याने विचारलं, कुठे दुसरी प्रत असेल, कॉलेजात दिली असशील. ती म्हणाली, कॉलेजात दुसरा प्रोजेक्ट जमा केला.

फळ्यावरचा कागद त्याने दुसऱ्याच दिवशी काढून आणला होता. त्याचा काही उपयोग नव्हता, पोरांनी फोनमध्ये फोटो काढून ठेवले होते. त्यानंतर त्याने कुठलाही नवा खेळ सुरू केला नाही. बसने यायचा, चहा प्यायचा, आणि कॉम्प्युटरपुढे नुसताच बसायचा. मला त्याची कीव यावी अशी त्याची अपेक्षा असावी. नाही आली.

गेल्या महिन्यात देवश्रीला हैदराबादला नोकरी लागली. निघायच्या आदल्या सकाळी ती बॅग भरत होती. यज्ञेश्वर तिच्या दाराशी आला. हातात दोन कागद होते, निळी शाई, दोन्ही बाजूंनी भरलेले. 'सदर' नाही, मुद्द्यांना आकडे नाहीत, हे मला लांबूनच दिसलं. म्हणाला, "तुह्या खेळावर लिहिलं. फळ्यावर नाही लावत, तुले देतो."

देवश्रीने कागद हातात घेतले. वरच्या ओळीवर तिची नजर एकदा फिरली, मी पाहिलं. मग तिने ते नीट घडी घालून त्याच्या हातात परत दिले.

"मराठी है न, बाबा? मुझसे पढ़ा नहीं जाता."

जी पोरगी मंडळात दहा जणांपुढे एकही शब्द न अडखळता वाचून गेली होती, ती म्हणाली हे. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी वाचून दाखवावं, अशी त्याची इच्छा होती. मी जागची हलले नाही.

तेव्हा तो म्हणाला, "हिंदी में बताऊँ?" बावीस वर्षांत या घरात त्याच्या तोंडून पोरीसाठी निघालेलं हे पहिलं हिंदी वाक्य.

"रहने दीजिए," ती म्हणाली, आणि बॅगेची चेन ओढली.

ती गेली. फोन करते, माझ्याशी बोलते, बाबा कसे आहेत विचारते, आणि तो फोन घ्यायला पुढे आला की तिची मीटिंग सुरू होते. कागद त्याने कॉम्प्युटरजवळ ठेवले आहेत. तो ऑफिसला गेल्यावर मी ते वाचले. लिहिणं चांगलं आहे. आजवर त्याने लिहिलेल्या सगळ्यांत चांगलं. मी वाचले हे त्याला कळलं आहे, कारण घडी बदलली होती. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी चहा घेताना माझ्याकडे बघतो, मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबतो. मी कप उचलते आणि आत जाते.